भागाबाईच्या बिड्या का तडकल्या

भागाबाईला काही विचारावं लागत नाही, ती आपणहून सांगते. बिडीचं पान का फुटतं, हे तर ती गल्लीतल्या कोणालाही भर उन्हात थांबवून ऐकवेल. पान कोरडं असलं की वळताना चिरतं. शीर आडवी आली की चिरतं. जर्दा हावरटासारखा ठासला की पोटाशी फुटतं. म्हणून पान आदल्या दिवशी भिजवायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं, आणि कात्री चालवताना लक्ष शिरेकडे ठेवायचं, गप्पांकडे नाही. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आली तेव्हापासून तिच्या मांडीवर बिड्यांचं सूप आहे, आणि तिचा माल ठेकेदारानं खराब म्हणून छाटल्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

यंदाच्या वैशाखात मात्र अक्रीत घडलं. ठेकेदार लीलाधरनं तिच्या बिड्यांचा कट्टा, म्हणजे बांधलेला जुडगा, उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि निम्म्या बिड्या बाजूला सारल्या. एकूण एक उभ्या चिरलेल्या. भागाबाईनं आधी पानाला शिव्या दिल्या, मग ते जिथून आलं त्या देडतलाईच्या जंगलाला, मग खुद्द लीलाधरला. "पान सडेल देता अन् नाव माहं खराब करता!" पण त्याच पानाच्या, शेजारच्या मालतीनं ओसरीत बसून वळलेल्या बिड्या ठणठणीत होत्या. भागाबाईनं त्या दोन-दोनदा दाबून पाहिल्या.

तिचा मुलगा नीलेश नेपानगरच्या कागद मिलमध्ये कामाला आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माय, अब बस कर ना. तुझे हात नाही चालत आता. आराम कर घरी." तो मायेनंच बोलला होता, म्हणून तर तिला ते जास्त लागलं.

"येत्या शनिवारचा माल फुटला," ती भडकून म्हणाली, "तर हे सूप तू सोता माळ्यावर टाक. मी हात नाही लावणार पुन्हा. पन नाही फुटला, तं माह्या हाताचं नाव नाही काढायचं."

नीलेश लगेच कबूल झाला. सून प्रतिभा चुलीपाशी होती, तीच साक्षीदार.

आता पान फुटतं म्हणजे ते कोरडं आहे, एवढं तर बिडीवालीच्या घरातलं मांजरही सांगेल. भागाबाईनं पानं दुप्पट भिजवली. वळताना एकही चिरेना. ती इतकी खुशीत आली की मालतीला हाक मारून दाखवून झालं. संध्याकाळी सूप पाहिलं तर बिड्या आधीपेक्षा जास्त तडकलेल्या. त्या दिवशी ती धड जेवली नाही. बोटांची उघडझाप करून पाहत बसली. पोरगा खरं बोलत असेल तर, या विचारानं तिला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी प्रतिभानं ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखं वाळवण, घातले. बाहेर धुळीचं वारं सुटलेलं, म्हणून तिनं ते घरातच, पंख्याखाली पसरले. हा पंखा नीलेशनं वैशाख लागताना हौसेनं आणून बरोबर आईच्या बसायच्या जागेवर लावला होता.

"अवं प्रतिभा, पंख्याखाली काऊन टाकले?" भागाबाई सुपावरून ओरडली. "वरून वाळतील, आतून ओले राहतील, अन् तडकतील ना सगळे! कितींदा सांगू, बिबड्यावर फडकं..."

तिनं बिबड्यांकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं, मग मान वर करून पंख्याकडे पाहिलं. ओलं पान या वाऱ्यानं भराभर वाळून आक्रसतं, आतला जर्दा काही आक्रसत नाही, मग पान फाटणार नाही तर काय करणार? आणि पान जितकं जास्त ओलं, तितकं ते जास्त आक्रसणार. दुप्पट भिजवून तिनंच आगीत तेल ओतलं होतं.

"मीच येडी," ती मोठ्यानं म्हणाली. असं ती म्हणाल्याचं प्रतिभानं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

तिनं पंखा बंद केला. पानं नेहमीसारखी भिजवली, पुसून घेतली, आणि वळून झालेली प्रत्येक बिडी पिळलेल्या फडक्याखाली सरकवली. घामाच्या धारा लागल्या तरी ती हलली नाही. नीलेश मिलमधून आला, बंद पंखा पाहून त्याचा चेहरा उतरला. "म्या लावलेला पंखाही नको तुले?"

"शनिवारी सांगीन," ती म्हणाली. सिद्ध झाल्याशिवाय बोलायचं तिला पटेना.

शनिवारी नीलेशही ठेकेदाराकडे गेला. लीलाधरनं कट्टा दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. बाजूला काहीच सारलं नाही. "वा भागाबाई! ये हुई ना पहिलेवाली बात!"

वाटेत तिनं पोराला पंख्याची सगळी गोष्ट चवीनं सांगितली. त्याची जिरवायची असं तिनं ठरवलंच होतं. पण तो थांबला आणि खाली पाहत म्हणाला, "मले वाटलं तुझे हात गेले माय. लई भेव वाटलं मले."

भागाबाईची सगळी ऐट ओसरली. तिनं दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झालेली, दोऱ्यानं कापल्याच्या खुणा जागोजागी.

"थकले तं आहेत रे," ती म्हणाली. "पन सूप कधी खाली ठेवायचं ते हे हात सांगतील. तू नाही, अन् फुटकी बिडी तं मुळीच नाही."

नीलेशनं तिच्या काखेतला, ठेकेदारानं दिलेला नव्या पानांचा गठ्ठा आपल्या खांद्यावर घेतला आणि घराकडे चालू लागला.