धुक्यात टांगलेली गाडी

लोणावळ्याच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा रोज एका मेकॅनिकच्या घरावरून जायचे. त्याचं नाव कधी विचारलं नाही. अंगणात रेल्वेच्या जुन्या रुळांचे चार खांब पुरून त्यानं साखळी-कप्पीचा पाळणा केला होता. त्यावर तो अख्खी गाडी डोक्याच्या वर उचलायचा आणि डोळे मिटून तिच्या पोटाला कान लावायचा. मुंबईचे गाड्यांचे शौकीन तो पाळणा बघायलाही यायचे.

एका सकाळी दाट धुक्यात वर एक तांबडी, बिनटपाची गाडी टांगलेली होती. खाली दोन तरुण तिच्या वेगावरून वाद घालत होते. दुपारी त्यांना खंडाळ्याच्या घाटात शर्यत लावायची होती.

"उतरव गाडी," त्यांच्यातला गाडीचा मालक मेकॅनिकला म्हणाला.

"बिरेकची नळी चिरलीय. चढाल झ्याक, पन उतरताना कुटं थांबाल?" मेकॅनिक साखळी धरूनच म्हणाला.

"गाडी माझी आहे!"

"तुमचीच हाय, सायेब. साखळी माज्या हातात हाय."

मालक वाटेवर थांबलेल्या माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही तरी सांगा याला."

"घाटातून आणलेल्यांना टाके मीच घालते," मी म्हटलं. "आज मला ते काम नको."

तो पायरीवर बसला. नवी नळी पुण्याहून यायची होती; तोपर्यंत तरी शर्यत टळली होती.

मेकॅनिकनं हात वर करून एका बोटानं चाक ढकललं. ते आवाज न करता धुक्यात फिरू लागलं. दोघं वाद विसरून वर बघत राहिले. मला उशीर झाला होता, तरी चाक थांबेपर्यंत मीही हलले नाही.