खडकावरचे तीन खड्डे

माझा नातू आमच्या घरातल्या फोटोंचं पुस्तक करतो आहे. पाच पिढ्यांनी एकाच खडकावर उभं राहून एकच देखावा काढला, असं ते पुस्तक आहे. त्यानं मला सांगितलं, "आजोबा, नागपूरला बक्षीस मिळालं त्या फोटोवर दोन पानं तुम्ही लिहा." तो फोटो मी काढलेला आहे. त्याच्याविषयी मी आजवर जे सांगत आलो त्यातलं बरंचसं खोटं आहे. छापून आलं की ते खरं होऊन बसेल, म्हणून आधीच लिहून देतो.

आमचं गाव आलापल्लीपासून बैलगाडीच्या वाटेनं अर्ध्या दिवसावर होतं. तेव्हा जिल्हा चांदा, आणि गडचिरोली त्यातच. आजोबा एका जंगल ठेकेदाराकडे मुनशी होते. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबानं आपला कॅमेरा त्यांना दिला. का दिला हे घरात कुणी विचारलं नाही. लाकडी पेटी, काचेच्या प्लेटा, डोक्यावर घ्यायचं काळं कापड आणि तिपाई, एवढा सरंजाम होता. साहेबानं तीन दिवस शिकवलं आणि गेला. शिकताना ज्या खडकावर दोघं उभे होते, तिथून आजोबांनी दिवाळीनंतर एक फोटो काढला. खाली बोडी, म्हणजे लहान तलाव, पलीकडे धानाची बांधी, मग सागाचं जंगल आणि मागं एक लांब डोंगर. डोंगराची शेपटी डावीकडे उतरत उतरत जंगलात बुडायची. पुढच्या वर्षी आजोबांनी पुन्हा तिथूनच काढला. तिसऱ्या वर्षी पाथरवट बोलावला आणि तिपाईच्या पायांसाठी खडकात तीन खड्डे पाडून घेतले. तेव्हापासून आमच्या घरात देखावा म्हणजे त्या तीन खड्ड्यांतून दिसेल तेवढा.

नियम थोडेच होते. कार्तिकातला दिवस, दुपारचे चार, आणि फोटोत माणूस नको. आजोबांनंतर वडिलांनी हे तसंच चालवलं. ते शाळेत गुरुजी होते आणि नियम त्यांच्या प्रकृतीला मानवत.

खड्ड्यांच्या जरा खाली, खडकाला लागून डावीकडे मोहाचं एक झाड होतं. आजोबांच्या पहिल्या फोटोत ते कोपऱ्यात शेंड्यापुरतं दिसतं. नंतरच्या प्रत्येक फोटोत ते थोडं वर आणि थोडं आत येत गेलं. तिकडे मोहाचं झाड सहसा कुणी तोडत नाही. शेत काढताना बाकी रान साफ करतात, मोह ठेवतात. आणि प्रत्येक झाड कुणाचं ना कुणाचं असतं. जमीन कुणाचीही असो, खाली पडलेली फुलं त्या घरानंच वेचायची. हे झाड बोडीशेजारच्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, एका गोंड बाईचं होतं. तिला ते सासूकडून आलेलं. चैत्रात पहाटे ती झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करी आणि फुलं वेची. वाळवलेल्या फुलांवर त्यांचे पुढचे दोन-तीन महिने निघत. हे मला तेव्हा माहीत होतं. नव्हतं असं मी पुढे अनेकदा सांगितलं आहे.

मी एकोणीस वर्षांचा होतो. आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाणार अशी तेव्हा नुसती बोलणी चालू होती. वडिलांना मोतीबिंदू झाला होता. त्या वर्षीची प्लेट धुऊन उन्हाकडे धरून ते बराच वेळ पाहत बसले.

"मोहानं डोंगराचं शेपूट खाल्लं," ते म्हणाले.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "अन् तो डबा दोन हात तिकडे सरकवला तर काय होते?"

"खड्डे इथी आहेत," वडील म्हणाले.

आईनं पुन्हा भाजीत डोकं घातलं. माझा दोष मी आईवर ढकलत नाही, पण इतकं साधं तिच्याशिवाय आमच्या घरात कुणाला सुचलं नव्हतं, याची नोंद असावी.

मग वडील मला म्हणाले, "पुढच्या कार्तिकात तू काढशील."

पुढच्या कार्तिकात अख्खं गाव धान कापायला गेलं होतं. मी शेजाऱ्याची कुऱ्हाड मागून घेतली. आधी फक्त आडवी येणारी फांदी तोडायचं ठरवलं होतं. ती तोडल्यावर उरलेलं झाड जास्तच वाईट दिसू लागलं. दुसरी फांदी तोडली. मग नुसता बुंधा उभा राहिला आणि तो तर मुळीच शोभेना. तीन दुपारी लागल्या. कुणी पाहायला आलं नाही, कारण जंगलात लाकूडतोडीचे कूप, म्हणजे तोडीला दिलेले पट्टे, सुरू झाले होते आणि कुऱ्हाडीचा आवाज ऐकून त्या दिवसांत कुणी मान वर करत नसे. फांद्या मी ओढत नेऊन नाल्यात टाकल्या. बुंधा ओढवेना, म्हणून तो खडकाच्या आड लोटला. फोटोत येत नव्हता.

आईनं माझे तळहात पाहिले. "हाताले काय झालं?"

"विहिरीचा दोर."

"विहीर तर आपली जुनीच आहे," ती म्हणाली आणि हळद-तेल घेऊन आली.

चार दिवसांनी वडील आणि मी खडकावर गेलो. वडील खुंटाजवळ थांबले. चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा घातला.

"कूपाचे मजूर असतील," मी म्हणालो. त्यांनी काही विचारलं नव्हतं.

"असतील," ते म्हणाले. मग वर जाऊन काळ्या कापडाखालून पाहिलं आणि आतूनच म्हणाले, "मोकळं झालं."

पाटी कुणी फोडली हे वर्गात शिरताच ओळखणारा हा माणूस होता. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

आठवड्याभरानं ती बाई आमच्या अंगणात आली. वडिलांनी ओट्यावर बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली.

"गुरुजी, माह्यं झाड कोनं तोडलं?"

"मले नाई माहीत, बाई."

"तुमी तिथी जाता डबा घेऊन. डब्यात दिसलं असंल."

वडिलांनी आत जाऊन दोन फोटो आणले, आदल्या वर्षीचा आणि नवा. दोन्ही तिच्या हातात दिले. तिनं आधी जुना पाहिला, झाडावर बोट ठेवलं. मग नवा पाहिला. मग फोटो उलटून मागची बाजू पाहिली.

"अन् मधलं कुठी आहे?" ती म्हणाली.

"मधलं आमी नाई काढत. वरसातून एकच काढतो."

"एक दिवस आधी काढाले पायजे होतं," ती म्हणाली.

मी दारात उभा होतो. हात मागे होते. म्हणालो, "कूपाचे मजूर असतील, बाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "कूपाचे मजूर मोह नाई तोडत, बाबू. तेही मोहच खातेत." फोटो तिनं ओट्यावर ठेवले आणि गेली. तेव्हा तिच्या मागे जाऊन सांगायला वीस पावलं चालावं लागलं असतं. तिचा पहिला चैत्र त्या झाडाशिवाय कसा गेला हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

तो फोटो पुढे नागपूरला एका प्रदर्शनात गेला. परीक्षकांनी डाव्या बाजूच्या मोकळेपणाचं कौतुक केलं. नवशिका भरलेल्या जागेकडे पाहतो, जाणता रिकाम्या जागेकडे, असं काहीतरी ते म्हणाले. हे मी पाठ केलं आणि पुढे मुलाला शिकवलं. नातवालाही शिकवलं. त्यानं ते पुस्तकाच्या प्रस्तावनेत माझ्या नावावर घातलं आहे. ते काढून टाकावं.

मोहाच्या खुंटाला फुटवे येतात. हे मला पुढच्याच वर्षी कळलं. कमरेइतके वाढले होते. फोटोच्या आदल्या दिवशी मी कोयता घेऊन गेलो आणि ते छाटले. त्यानंतर दरवर्षी छाटत गेलो. नोकरीसाठी आम्ही चांद्याला राहायला आलो, तरी कार्तिकात एक दिवस आधी गावी जायचं, संध्याकाळी फुटवे छाटायचे आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता फोटो काढायचा. मुलगा मोठा झाल्यावर त्यानं हे काम न सांगता उचललं. तो समजला की फोटोची ही एक पद्धतच आहे. कोयता कॅमेऱ्याच्या पिशवीतच असे. एखादं वर्ष चुकलं तर पुढच्या वर्षी दुप्पट मेहनत पडे, एवढीच त्याची तक्रार.

या कार्तिकात मी नातवाला म्हटलं, "मीही येतो." माझं वय सत्त्याऐंशी. खडक चढणं जमण्यासारखं नव्हतं. नातू वर गेला आणि मी बोडीशेजारच्या त्या घरी गेलो. ती बाई केव्हाच वारली होती. तिची मुलगी आता सत्तरीच्या पुढे आहे. अंगणात टोपली विणत बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिनं खाट दिली.

मी म्हणालो, "तुमच्या आईचं मोहाचं झाड मी तोडलं होतं."

"माहीत हाय," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"कधीपासून?"

"मी लहान होतो तवापासून. दुसऱ्या वरसी खुंटाले धुमारे आले. तुमी आले, अन् धुमाऱ्यावर कोयता लागला. तिसऱ्या वरसी बी तसंच. मंग आई म्हने, गुरुजीच्या घरचं काई देवाचं हाय. खडकात खड्डे हायत, वरसातून एकदा येतेत, कापड डोक्यावर घेऊन डोंगराकडं पाह्यतेत. झाड देवाले लागलं असंल. कोनाच्या देवाच्या मधी आपुन नाई बोलाव."



"देवाचं नव्हतं, बाई. फोटो होता."

"फोटो?"

"हो."

"नुसता फोटो?"

"नुसता फोटो."

तिनं टोपली खाली ठेवली. "मंग आई हे आयकाच्या आधी गेली, बरं झालं," ती म्हणाली.

एवढ्यात खडकावरून नातवाची हाक आली. "आजोबा, कोयता पिशवीत नाहीये! फुटवे डोक्याच्या वर गेलेत. छाटू कशानं?"

बाई उठली. आत जाऊन कोयता घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला. "घ्या. माह्याकडं हाय. एवढी वरसं तोडलं, आता काऊन थांबता?"

मी तो घेतला नाही. माझा आवाज खडकापर्यंत पोचण्यासारखा राहिलेला नाही. म्हणालो, "बाई, त्याला सांगता का, छाटू नको म्हणून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खडकाकडे वळून ओरडली, "ए बाबू! झाडाले हात नोको लावू! आजा नाई म्हणते!"

 वरून नातू म्हणाला, "पण मग डोंगराची शेपटी जाईल!"

"जाऊ दे म्हणावं," मी म्हणालो. तिनं तेही ओरडून सांगितलं.

मोह फुलायला किती वर्षं लागतील, असं मी तिला विचारलं. दहा तरी लागंल, ती म्हणाली, आणि पुन्हा टोपली घेऊन बसली. मला चहा विचारला नाही. खाटेवरून उठा असंही म्हणाली नाही. नातू खाली येईपर्यंत मी तिथेच बसून होतो.

यंदाच्या फोटोत डावीकडचा तिसरा हिस्सा पानांनी भरला आहे. पानं कॅमेऱ्याच्या फार जवळ असल्यामुळे अस्पष्ट आली आहेत. नातू म्हणतो, हा फोटो बाकीच्यांच्या रांगेत बसत नाही, पुस्तकातून वगळू या. मी त्याला सांगितलं आहे की हा घ्यायचा, त्याच्या शेजारी हे छापायचं, आणि पहिली प्रत त्या अंगणात पोचवायची. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवायची. कोयता मी गावी निघण्याआधीच पिशवीतून काढून घेतला होता. तो माझ्या खाटेखाली आहे.