आप्पांच्या खालचा पोह्यांचा डबा

सांगलीच्या आप्पांनी आमचा कोच मोडला नाही.

एवढं एक वाक्य लिहायला मला अख्खं आयुष्य लागलं, यावरून माझ्या धैर्याची कल्पना यावी. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत आमच्या नात्यात कुणालाही विचारा, "कोच कुणी मोडला?" उत्तर ठरलेलं : "आप्पांनी!" बारशाला, लग्नाला, अगदी तेराव्यालासुद्धा हा विषय निघतो. लोक पोट धरून हसतात आणि सर्वांत मोठ्यानं मी हसतो. (खोटं हसणाऱ्याला आवाज जास्त लावावा लागतो.) इतकी वर्षं मी ही गोष्ट टाळली. आता माझे दात आणि साक्षीदार दोन्ही संपत आले आहेत, तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. माझे वडील, आबा, फौजेतून पेन्शनीवर येऊन साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्हा सर्वांसह तळ ठोकून होते. धाकटी बहीण कुसुम लग्नाची होती. पोरगी नीटस, हुशार, हाताला चव. पण दोनदा पाहुणे आले, पोहे खाल्ले, आमच्या भिंतींकडे पाहिलं आणि "कळवतो" म्हणून गेले. ते अजून कळवताहेत! दोष पाहुण्यांचाही नव्हता म्हणा. ओल येऊन भिंतींचे पोपडे निघाले होते आणि बैठकीत सामान म्हणजे एक सतरंजी आणि आबांची पत्र्याची ट्रंक.

तिसरं स्थळ सांगलीचं. मुलगा मुकुंद शाळेत मास्तर. वडील लहानपणीच गेलेले. चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, त्याला वाढवलेलं. आप्पांची हळदीची आडत होती आणि घरात शब्द त्यांचाच चाले.

"हे शेवटचं," कुसुम म्हणाली. "ह्यांनीही 'कळवतो' म्हटलं, तर पुन्हा मी पदर सावरून कुणापुढं बसायची नाही. सांगून ठेवते!"

आई पदरानं डोळे पुसायला लागली. आबा खाकरले. आणि मी म्हणालो, "काळजी करू नका. घर मी सजवतो."

आबांनी मला त्याच वेळी ट्रंकेत कोंडायला हवं होतं.

मी तेव्हा सुटीला घरी आलो होतो, एरवी सांगलीला कॉलेजात शिकत होतो. तिथं एका वकिलाच्या बंगल्यात मी कोच पाहिला होता. (बसलो नव्हतो. पाहिला होता.) त्यामुळे सजावट या विषयातला घरातला जाणकार मीच. पैसा नव्हता, पण कल्पनांना कुठं रेशनकार्ड लागतं? जुन्या कॅलेंडरांची चित्रं कापून मी पोपड्यांवर चिकटवली. जिथं पोपडा तिथं चित्र! त्यामुळे एक धबधबा पार आढ्याला जाऊन लागला आणि खिलारी बैल आला गुडघ्याएवढ्या उंचीवर. औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत पतंगाच्या कागदाची फुलं खोचली. सगळ्या खोलीला खोकल्याच्या औषधाचा वास सुटला. मी त्याला अत्तर म्हणालो.

पण माझी खरी करामत म्हणजे कोच. रॉकेलचे चौकोनी डबे घरात होते पाच. दोन या टोकाला, दोन त्या टोकाला आणि एक मधोमध. हा मधला नेमका भरलेला निघाला, चांगला जड आणि घट्ट. आत काय आहे हे पाहण्याची मला गरज वाटली नाही. कलावंत डब्याचा आकार बघतो! आता वर टाकायला फळी हवी. लांबरुंद फळी घरात एकच होती, पण ती बिजागऱ्यांवर होती. मी न्हाणीचं दार काढलं. वर आबांची फौजी ब्लँकेटं घड्या करून घातली आणि त्यावर, जमिनीपर्यंत सगळं झाकून जाईल असा, आईचा लग्नातला हिरवा शालू.

"अरे, माझा शालू!" आई ओरडली.

"आई, लेकीच्या लग्नासाठी!"

"मग लेक नेसेल की तो! डबे कशाला नेसवतोस?"

पण कोच दिसत होता मोठा झोकात. आबांनी भोवती एक चक्कर मारली, बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "फौजेत असतास तर पूल बांधला असतास तू." (त्या पुलावरून कोण कोण नदीत गेलं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही.)

ठरल्या दिवशी टांगा दाराशी उभा राहिला. आधी मुकुंद उतरला, मग त्याची आई, आणि मग आप्पा. आप्पा उतरताच टांग्याचा मागचा भाग वर आला आणि टांगेवाल्यानं घोड्याच्या पाठीवर हात फिरवला. आप्पा म्हणजे पांढरा फेटा बांधलेलं हळदीचं पोतं! पण माणूस लोण्यासारखा. आत येताच त्यांनी कोचाकडे पाहिलं आणि ते दोन पावलं मागं सरले.

"आवं, आमाला कशाला ह्यो थाट? आमी खाली बसतो की सतरंजीवर!"

ऐका, वाचकहो. तो भला माणूस खाली बसत होता!

"छे छे! असं कसं?" मी त्यांचा दंड धरला. "आप्पा, कोच तुमच्यासाठीच आहे."

"मोडंल बिडंल."

"काय बोलता! हत्ती बसला तरी मोडणार नाही."

हत्तीचा उल्लेख टाळायला हवा होता. पण आप्पा मोकळेपणानं हसले आणि मधोमध बसले. डबे म्हणाले, "ढण्ण!" एका टोकाला मुकुंद बसला : "ढुब." दुसऱ्या टोकाला आबा : "ढब्ब." मुकुंदची आई सतरंजीवर टेकली आणि म्हणाली, "जरा पाय धुऊन येते."

मी न्हाणीकडे बोट दाखवलं. ती गेली आणि लगेच परत आली.

"आत दार न्हाई हो."

"रंगवायला दिलंय," मी म्हणालो.

"साताऱ्यात लय टापटीप बघा," आप्पा म्हणाले आणि त्या दारावर ते आणखी आरामात बसले. तशी दाराची कडी शालूखाली खळ्ळकन वाजली.

"काय वाजलं?"

"वारा," आबा ताठ बसून म्हणाले.

इतक्यात आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. चुलीवर फोडणी तडतडत होती, कांदा चिरलेला होता आणि आईचा चेहरा त्या कांद्यासारखाच पांढरा पडला होता.

"दत्तू, पोह्यांचा डबा कुठंय?"

"कसला पोह्यांचा डबा?"

"फलटणच्या मावशीनं पाठवले होते ते पोहे! रॉकेलच्या डब्यात, धुऊन, उन्हात वाळवून भरले होते. ह्या कोपऱ्यात होता डबा!"

माझ्या डोळ्यांपुढं तो भरलेला, जड, घट्ट डबा उभा राहिला. त्यावर दार उभं राहिलं. दारावर ब्लँकेटं, ब्लँकेटांवर शालू आणि शालूवर आप्पा.

"आई," मी म्हणालो, "पाहुणे पोह्यांवर बसलेत."

कुसुम नटूनथटून बसली होती. तिला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून ती दोन्ही करायला लागली.

"शेजारून आणू?" मी विचारलं.

"रेशनच्या दिवसांत कुणाकडं पोहे असतात? आणि मुलगी दाखवायला बोलावलं आणि पोहेसुद्धा नाहीत, असं सांगलीभर होऊ दे! ते उठतील तेव्हा काढ डबा."

"अगं, पोहे खाल्ल्याशिवाय ते उठणार नाहीत आणि ते उठल्याशिवाय पोहे होणार नाहीत!"

मी बाहेर आलो. आता आप्पांना उठवणं एवढंच माझ्या जगण्याचं ध्येय होतं.

"आप्पा, चला, अंगणातून अजिंक्यतारा दाखवतो."

"किल्ला टांग्यातनं बघितला की! मोठा हाय."

"मग हा बैल बघा. अस्सल खिलार!"

आप्पा बसल्या जागी वाकले, गुडघ्याजवळच्या बैलाकडे निरखून पाहिलं. "झकास हाय. पण एवढा खाली का बांधलाय?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा आत गेलो. फोडणी करपायला लागली होती. आई म्हणाली, "काहीही कर, पण डबा आण." आई असं म्हणाली तेव्हा तिला बहुधा काहीतरी शहाणपणाचं अपेक्षित असावं.

कोच ओलीमुळं भिंतीपासून हातभर पुढं ठेवला होता आणि त्याचं एक टोक स्वयंपाकघराच्या दाराला लागून होतं. मी पोटावर झोपलो आणि कोचामागं सरपटत शिरलो. (पुढं शालू होता, मागं अंधार, फौजेतल्या बापाचं रक्त असं कामाला आलं.) बरोबर आप्पांच्या पाठीशी पोचलो. मागं लोंबणारं ब्लँकेट वर केलं. डबा दिसला. मनाशी म्हणालो, दार मजबूत आहे, दोन्ही टोकांना डबे आहेत, मधला एक निघाला तर काय बिघडतं?

दाराची मधली फळी वर्षानुवर्षं न्हाणीत भिजून कुजली होती, हे बिघडत होतं.

वर आप्पा सांगत होते, "आमाला हुंडा-बिंडा काय नको. माणसं साधी पायजेत, खरं बोलणारी—"

मी डबा ओढला.

कर्रर्र... कडाड्! दार मधोमध दुमडलं. आप्पा सरळ खाली गेले. या टोकाचा मुकुंद घसरत आला आणि आप्पांच्या मांडीवर बसला. त्या टोकाचे आबा घसरत आले ते मुकुंदच्या मांडीवर! चारही रिकामे डबे गडगडत खोलीभर पसरले. एकानं बाटल्या आडव्या केल्या. वरून, आपलंही काही कर्तव्य आहे म्हणून, आढ्याचा धबधबा सुटला आणि आप्पांच्या फेट्यावर उतरला.

मी डबा छातीशी धरून उलटा सरपटत स्वयंपाकघरात शिरलो, आईपुढं तो ठेवला आणि दुसऱ्याच क्षणी बाहेर धावत येऊन विचारलं, "अरेरे! काय झालं?"

त्या "काय झालं"साठी मला नरकात वेगळी खोली असेल. सजवलेली नसावी एवढीच इच्छा.

शालूत गुंडाळलेले आप्पा तसेच बसून होते. लागलं नव्हतं. पण चेहरा पाहवेना. एवढा मोठा माणूस, शाळेत काच फोडलेल्या पोरासारखा दिसत होता.

"माझ्या देहानं घात केला," ते हात जोडून म्हणाले. "मी म्हटलं हुतं, खाली बसतो. तुमचा एवढा म्हागाचा कोच!"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं! पण दारात कुसुम उभी होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे माझ्यावर. मी तोंड मिटलं.

आईनं विक्रमी वेगानं पोहे केले. कुसुमनं बशी आप्पांपुढं धरली. आप्पांनी मान हलवली.

"नको पोरी. ह्या खाण्यापायीच ह्यो प्रसंग आला. आजपास्नं पोहे बंद." मग त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि आबांना म्हणाले, "सुभेदारसाहेब, पोरगी पसंत. आमी तुमचा कोच मोडला. आता सोयरीक मोडली तर देव माफ करायचा न्हाई!"

ज्या पोह्यांसाठी आप्पा खाली गेले, ते त्यांनी चाखलेसुद्धा नाहीत. त्यांची बशी मी संपवली.

"आई, खरं सांगू का त्यांना?" पाहुणे गेल्यावर मी विचारलं.

"लग्न होऊ दे, मग सांग."

लग्न झालं. लग्नात आप्पांनी सांगलीहून लॉरीत घालून काय आणलं असेल? अस्सल सागवानी कोच! "आमी मोडलेला भरून देतोय," म्हणाले. आता सांगणं आणखी अवघड झालं, कारण आबा त्या कोचावर रोज दुपारी झोपायला लागले. मग आई म्हणाली, कुसुमला मूल होऊ दे. मूल झालं, ते बोलायला लागलं आणि आप्पांना 'कोचमोडे आजोबा' म्हणायला लागलं! आप्पा स्वतःही हसायचे. पण त्या दिवसापासून ते कुणाच्याही घरी खुर्चीवर म्हणून बसले नाहीत. लग्नकार्यात मांडवभर खुर्च्या असायच्या आणि आप्पा कोपऱ्यात सतरंजीवर.

आप्पा फार थकलेत असं कळलं तेव्हा मी ठरवून सांगलीला गेलो. अख्ख्या प्रवासात वाक्य घोकत होतो. आप्पा वाळून काडी झाले होते. मला पाहताच त्यांनी नातवाला हाक मारली, "मामाला खुर्ची दे रं!" आणि स्वतः हळूहळू घोंगडीवर बसले.

मी खुर्चीवर, ते खाली. तिथूनच त्यांनी हात जोडले.

"दत्ताराव, तुमचा कोच मोडला, ते मनातनं जात न्हाई बघा. आणि तुमच्या आईच्या हातचं पोहं बी खायचं ऱ्हायलं त्या दिवशी."

"आप्पा," मी म्हणालो, "तो कोच..."

एवढ्यात कुसुम आतून आली. माझ्याकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं आणि माझ्या हातात गरम पोह्यांची बशी ठेवली. आप्पा मायेनं म्हणाले, "आधी खा. मग बोला."

मी खाल्ले. फार चांगले झाले होते. दुसऱ्यांदा घेतले. तोवर आप्पांचा डोळा लागला होता.

नंतर थोड्याच दिवसांत ते गेले. "आप्पा, तो कोच..." एवढी माफी मागून झाली आहे. उरलेली घशात आहे. वर पोहे आहेत.