पाटीला पहिला मान

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि मी तिला माझी स्वप्नंसुद्धा वाढवून सांगणारा माणूस!

पण आधी माझ्या हातात काय कसब आहे ते ऐका. वडनेरकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सगळ्या यंत्रांचा कंट्रोलर मी एकट्याने बसवला. पेढ्याच्या डब्याएवढी पेटी. तिच्या हुकमावर अख्खी जिनिंग नाचते. मी तळेगावात शिंकलो तर वडनेरात मोटर सुरू होते, असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो — पण 'नाही' तर कोणी म्हटलं नाही ना?

त्या पेटीला मेंदू एकच, कामं ढीगभर. आधी मान कोणाला, हे आपण आकड्याने ठरवून द्यायचं. वरच्याचं आटोपल्याशिवाय खालच्याला हाक नाही. सगळ्यात वर हवं ठिणगी हेरणाऱ्या सेन्सरचं काम. कापूस तो — पेटायला किती वेळ लागतो?

आणि मी वर काय ठेवलं? पाटी. गाठींचा आकडा दाखवणारी लाल दिव्यांची पाटी — तिच्यावर माझं नाव सरकत जायचं. हंगामाचा मुहूर्त होता, गाव जमणार होतं. चारचौघांत नाव अडखळलं असतं तर? म्हणून पाटीला पहिला मान. ठिणगीला शेवटचा.

नाव काय सरकलं राव! पुरातल्या वर्धा नदीसारखं. पण ते सरकवायचं काम कधी संपेचना, आणि सेन्सरची पाळी कधी आलीच नाही. कापसातला खडा यंत्रात घासला, ठिणगी उडाली, नळीतला कापूस धुमसू लागला — पेटी गप्प. फिटर गुलाबरावांना वास आला. त्यांनी धावत जाऊन यंत्र बंद केलं आणि जळता कापूस हाताने ओढून काढला. उजवा तळहात भाजला.

शेठ ओरडले, "सेन्सर काऊन नाई वाजला?"

मी — तोंडातला पेढाही गिळला नव्हता — म्हणालो, "गुलाबरावांनी त्याची काच पुसली नसेल."

"पुसली ना जी सकाळीच," गुलाबराव म्हणाले. "तुमच्यासमोरच तर पुसली, भाऊ."

मी पाहिलं होतं. मी पाटीकडे बघत राहिलो.

सारा जन्म यंत्रांवर काढलेल्या माणसाला शेठनी फाटकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप दोन आकड्यांची अदलाबदल केली. दोनच! तेव्हापासून एकही ठिणगी सुटलेली नाही. हे वाढवून सांगत नाही — जिल्ह्यात असा कंट्रोलर दुसरा नाही. मला त्याचा अभिमान आहे. अजून आहे.

नाव मात्र आता अडखळत सरकतं.

दर मुहूर्ताला नारळ फोडायला मलाच बोलावतात. फाटक गुलाबराव उघडतात, त्याच हाताने.

"या भाऊ. नाव अडकून राह्यलं जी तुमचं. पाहून घ्या जरा."

"पाहतो," म्हणतो मी. आत जातो. नारळ फोडतो.