सुईचं टोक

चर्चच्या मंडळीत, देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की पुष्कळ बाया आधी रडून घेतात. मला ते जमत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, शिवणकाम करून जगलेली बाई. जे झालं ते सांगते. ही गोष्ट घडली त्या दिवसांत मी दर रविवारी उपासनेला जात होते, सगळ्यांच्या वर आवाज काढून गाणी म्हणत होते आणि मनातून देवावर माझा काडीइतका भरवसा उरला नव्हता. घरात नवऱ्याशी आठ महिने अबोला होता.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला चाळीत राहत होतो. आमचे हे एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. पाळी सुरू होताना पाइपाच्या झडपा तपासायच्या आणि तपासल्या म्हणून कागदावर सही करायची, हे यांचं काम. एक दिवस घाई होती म्हणून साहेब म्हणाला, झडपा राहू देत, नुसती सही कर. हे म्हणाले, बघितलं नाही तर बघितलं असं कसं लिहू? एवढंच बोलले. पुढच्या आठवड्यात यांना प्लांटवरून काढून गेटाजवळच्या स्टोअरमध्ये बसवलं. ओव्हरटाइम गेला, मान गेला. मी घरात भांडी आपटली. "सगळे करतात ती सही. तुमचाच हात झडणार होता का? आता तुमच्या खरेपणाला फोडणी घालते, बसा खात." हे खाली मान घालून जेवले. त्या दिवसापासून मी यांच्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचं झालं तर मुलीला सांगायचे. एस्तेर तेव्हा सातवीत. "बाबांना सांग, भाकरी झाल्या." ती म्हणायची, "आई, बाबा तुझ्यासमोर बसलेत. मी काय पोस्टमन आहे?" चापट मिळायची, पण निरोप पोचवायची.

यांची आणखी एक सवय माझ्या डोक्यात जायची. हा माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा बघायचा. नळ बंद केला की चार पावलं जाऊन परत यायचा आणि नळाला हात लावून बघायचा. कडीचं तसंच, स्टोव्हचं तसंच. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पंधरा वर्षं मी ते बघून दात खात होते.

मी कामाला उल्हासनगरात विठ्ठलवाडीच्या बाजूला जात होते. एका सिंधी कुटुंबाचा लहान मुलांचे कपडे शिवायचा कारखाना होता, खाली दहा मशीन, वर त्यांचं घर. कारखाना मुलगा बघायचा, पण सुयांचा डबा त्याच्या आईच्या हातात असायचा. तिला आम्ही अम्मा म्हणायचो. अम्माचा नियम होता. मशीनची सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधून आणायचे. अम्मा ते तळहातावर घ्यायची, एकाला एक जोडून सुई पुरी होते का बघायची आणि मगच नवी सुई द्यायची. एक तुकडा कमी पडला तर तो मिळेपर्यंत माल हलायचा नाही, सगळ्या बायांच्या मशीन बंद. आम्ही कपड्यागणिक पैसे घेणाऱ्या बाया, बसून राहिलं की नुकसान. बाया कुरकुरायच्या. अम्मा म्हणायची, "बच्चा बोल नहीं सकता, मास्टरनी. चुभेगा तो रोएगा बस. माँ समझेगी भूख लगी है." मास्टरनी म्हणजे मी. सगळ्यांत जुनी आणि हात साफ म्हणून ते नाव पडलं होतं. माझी सुई मोडत नाही, असं मी चारचौघींत सांगायचे.

त्या शनिवारी पिवळी झबली चालली होती, वीस डझन. सोमवारी सकाळी माल जायचा होता. दुपारी गळ्याच्या जाड पट्टीवर माझी सुई मोडली. वरचा तुकडा मशीनमध्येच राहिला, टोक उडालं. मी मांडीवर बघितलं, खाली बघितलं, फडक्याने जमीन पुसली. टोक नाही. शेजारच्या बाईचा ढीगही पिवळाच, माझाही पिवळाच, दोन्ही एकमेकांत गेलेले. सांगितलं असतं तर सगळं काम थांबलं असतं, आणि माझीही सुई मोडते हे सगळ्या बायांना कळलं असतं. दुसरी गोष्ट मला जास्त झोंबली, हे आज खरं सांगते. माझ्या डबीत घरच्या मशीनच्या एका जुन्या सुईचं टोक पडलेलं होतं. ते मी या तुकड्याला लावलं आणि वर गेले. अम्माचे डोळे मोतीबिंदूने अधू झाले होते. तिने तुकडे तळहातावर ठेवले, बोट फिरवलं, क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तेरा क्या देखना, तू तो चर्चवाली है." आणि नवी सुई दिली. मी खाली येऊन संध्याकाळपर्यंत काम केलं. हात चालत होते, पण शिवण कधी नव्हे ती वाकडी जात होती.

एरवी मी लोकलने घरी जायचे. त्या दिवशी कुठेतरी वायर तुटली म्हणून गाड्या बंद होत्या, म्हणून विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोत येऊन बसले. बाजूला डोंगराकडची एक बाई बसली होती, बारवी धरणाच्या अंगाला कुठल्याशा पाड्यावरची. भाताची झोडणी नुकतीच उरकलेली, तिच्या लुगड्याला अजून तूस चिकटलेलं. मांडीवर चार-पाच महिन्यांचं पोर, आणि ते असं रडत होतं की डेपोतली माणसं वळून बघत होती. कोणी म्हणालं, पाज त्याला. कोणी म्हणालं, पोट दुखत असेल. ती कोणाचं ऐकेना. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, जरा धर गं याला." मी धरलं. तिने त्याच्या अंगातलं झबलं काढलं, उलटं केलं आणि बोटाच्या पेराने शिवण चाचपायला लागली. एकदा सगळं झालं, काही मिळालं नाही. तिने पुन्हा सुरुवात केली. मी म्हणाले, "अगं, नसेल काही." ती म्हणाली, "हाय. टोचतंय त्याला. त्याला कुठं सांगता येतंय? आपुनच बघायचं." काखेच्या शिवणीत भाताचं एक कुसळ निघालं. तिने ते मला दाखवलं, फुंकरीने उडवलं आणि पोराला झबलं घातलं. पोर गप्प झालं. तिची एसटी लागली, ती चढून गेली. नाव विचारायचंही राहिलं. मी तिथे बसूनच राहिले. अम्माने वर्षानुवर्षं जे सांगितलं तेच ही बाई बोलली होती, आणि त्या दिवशी लोकल चालू असत्या तर मी त्या बाकावर बसलेच नसते.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ओट्यावर पातेल्यात काळ्या मनुका भिजत होत्या. दुसऱ्या दिवशी मंडळीत प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, आणि त्यासाठी मनुकांचा रस काढून द्यायची त्या महिन्याची पाळी माझी होती. मी हात धुऊन मनुका कुस्करायला घेतल्या आणि कुस्करता कुस्करता थांबले. या हाताने हा रस काढायचा? कोणाशी वाकडं असेल तर आधी जाऊन समेट करावा, मग अर्पण करावं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि घरात तर आठ महिन्यांचं वाकडं बसलेलं. मी एस्तेरला हाक मारली. "बाबांना सांग," म्हणाले आणि पुढे शब्द निघेना. आईने लबाडी केली, हे पोरीच्या तोंडून कसं सांगायचं? ती उभी राहिली. "काय सांगू?" मी म्हणाले, "काही नाही. तू रस गाळ." आणि खोलीत जाऊन म्हणाले, "अहो."

आठ महिन्यांत पहिल्यांदा म्हटलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "बोल." मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. आता हा माणूस म्हणेल, तेव्हा मला शिकवत होतीस ना. म्हणायचा हक्क होता. हे म्हणाले, "झबल्यांना टिचबटणं, लोखंडाचं काही आहे का?" मी म्हणाले, "नाही, कापडाचे बंद आहेत." मग हे उठले, माळ्यावरून बंद पडलेला रेडिओ काढला आणि स्क्रू काढून त्याच्या स्पीकरचं लोहचुंबक मोकळं करायला बसले. काम करता करता म्हणाले, "पहिलं त्या अम्मांना सांगायचं. मग शोधायचं. न सांगता शोधायचं नाही." मी म्हणाले, "काढून टाकतील." हे म्हणाले, "टाकतील." दारात एस्तेर गाळणी हातात घेऊन उभी होती. "म्हणजे पोस्टमनची नोकरी गेली का?" म्हणाली. हे हसले. मला हसू आलं नाही, पण चापटही मारली नाही.

रविवारी सकाळी रसाचा डबा देऊन एस्तेरला एकटीला मंडळीत पाठवलं आणि आम्ही दोघं विठ्ठलवाडीला गेलो. अम्मा पूजा आटोपून बसली होती. मी जिन्यातच ठरवलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "अम्मा, कल की सुई झूठी थी." अम्माने सुयांचा डबा उघडला, कागदात गुंडाळलेले कालचे तुकडे काढले आणि पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाली, "मेरी उंगली को कल ही लगा था. मैंने उंगली को बोला, तू बूढ़ी हो गई है. ये औरत ऐसा नहीं करेगी."  तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिने कनवटीची कारखान्याची किल्ली काढून यांच्या हातात दिली.

खाली आम्ही दोघं जमिनीवर बसलो, मधे पिवळ्या झबल्यांचा डोंगर. मी प्रत्येक झबलं उलटं करून शिवण बोटाने चाचपायचे, "झालं" म्हणायचे आणि यांच्याकडे द्यायचे. हे त्यावर लोहचुंबक फिरवायचे, मग पुन्हा एकदा फिरवायचे, मग घडी. अम्मा जिन्याच्या पायरीवर बसून होती. "झालं." "हं." "झालं." "हं." आठ महिन्यांत बोललो नव्हतो तेवढं त्या सकाळी बोललो, आणि शब्द दोनच. दहा डझन झाले, काही नाही. बारा झाले. माझ्या मनात आलं, टोक जमिनीच्या फटीत गेलं असेल, आपण उगाच जिवाला लावून घेतलं. एक झबलं मी हातात घेतलं, चाचपलं, गळ्याची पट्टी दोनदा दाबली, "झालं" म्हणून दिलं. यांनी लोहचुंबक फिरवलं. काही नाही. मी पुढचं उचललं. यांनी सवयीप्रमाणे पुन्हा फिरवलं, आणि आवाज आला. टिक. तांदळाचा दाणा ताटात पडावा एवढाच. अम्मानेही वर बघितलं. गळ्याच्या पट्टीच्या दुमडीतून, कापडाला भोक पाडून, टोक येऊन लोहचुंबकाला चिकटलं होतं.

आम्ही तिघं त्याच्याकडे वाकून बघत होतो. रस्त्यावर रिक्षा चालल्या होत्या, शेजारी कोणीतरी पापड वाळत घालत होतं, आणि आमच्या मधे ते टोक, डोळ्याला धड दिसतही नव्हतं.  ज्या गळ्याला मी माझ्या साफ हाताने "झालं" म्हटलं होतं, त्याच्यातच ते बसलेलं होतं. एकदा बघून ते सापडलंच नसतं. ज्या सवयीवर मी पंधरा वर्षं दात खाल्ले, तिच्यातून ते निघालं. तेव्हा अकरा वाजत आले असतील. आमच्या मंडळीत प्रभुभोजन साधारण तेव्हाच देतात. मी काही म्हणत नाही. एवढंच सांगते, की देव आहे का हे त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही.

अम्माने टोक तळहातावर घेतलं, खऱ्या तुकड्याला लावलं, बोट फिरवलं. "पूरी हुई," म्हणाली. हात जोडून तिच्या देवाला नमस्कार केला. यांनी मान खाली घातली. मग अम्मा मला म्हणाली, "तीन महीने मशीन पे नहीं बैठना. नीचे बैठके धागे काट." मी बरं म्हटलं. तीन महिने मी नव्या पोरींच्या पायाशी बसून त्यांच्या शिवणीचे धागे कापले. त्या हसायच्या. "काय मास्टरनी, पाय आखडले का?" मी म्हणायचे, "आखडले. तू आपली सुई सांभाळ."

पुढच्या महिन्याच्या प्रभुभोजनाला आमच्या मंडळीत नेहमीप्रमाणे बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. प्याला हातात आला तेव्हा मी पलीकडे बघितलं. हे डोळे मिटून बसले होते. यांना स्टोअरमधून परत प्लांटवर कधी घेतलं नाही, शेवटपर्यंत नाही. त्यावर मी पुन्हा बोलले नाही. प्रार्थनेत आपण देवाला म्हणतो, सगळं तुझ्या स्वाधीन. मी ते पोपटासारखं म्हणत होते. स्वाधीन करायचं म्हणजे आधी आपल्या मुठीतलं उघडून दाखवावं लागतं, हे मला त्या जिन्यावर कळलं, आणि ते दाखवायला देवाने शेजारी एक माणूस दिला होता, ज्याच्याशी मी बोलत नव्हते. त्याबद्दल देवबापाचे उपकार मानते, आणि त्या डोंगराकडच्या बाईचे, जिचं नाव मी विचारलं नाही.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी एस्तेरकडे बदलापूरला बेलवलीत असते. नळ बंद केला की चार पावलं जाते, परत येते, आणि नळाला हात लावून बघते. एस्तेर म्हणते, "आई, बाबांसारखं काय करतेस?" मी म्हणते, "झालं का ते बघतेय."