घोरपडीच्या कातड्याचा ढोल

सिगाबदुरू गावचा सोबाई चाळीस वर्षं ढोल करतोय. खोड कोरायचं, तोंडावर घोरपडीचं कातडं ताणायचं, त्यावर मेणाचे ठिपके लावून आवाज जुळवायचा आणि ढोल होडीत घालून समोरच्या सैबाई बेटावर न्यायचा. मध्ये तासाभराचंही पाणी नाही. त्या पाण्यात कुठेतरी पापुआ संपून ऑस्ट्रेलिया सुरू होतो म्हणे. सोबाईला ती रेघ अजून दिसलेली नाही.

यंदाचा ढोल सैबाईवरच्या मेहुण्यासाठी, वाइनासाठी होता. तो वारल्याला दोन वर्षं झाली होती आणि उद्या त्याच्या थडग्यावरच्या नव्या दगडाचं कापड ओढायचं होतं. ढोलाशिवाय नाच नाही, नाचाशिवाय बहिणीचा शोक सुटायचा नाही.

सैबाईच्या धक्क्यावर, तपासणी नाक्यापाशी, सरकारी गणवेशात एनोसा उभा होता. वाइनाचा थोरला मुलगा, सोबाईचा सख्खा भाचा.

"मामा, कातड्याचा परवाना?"

"घोरपडीला विचारायचं राहिलं बघ."

"चेष्टा नको. संरक्षित प्राणी आहे. सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय."

"माझ्या गावात कुणी आलं नव्हतं ठरवायला!" सोबाई भडकला. नाक्याच्या पायरीवर एक घोरपड उन्हात पसरली होती. "ती बघ. पोहत आली असेल माझ्याच किनाऱ्यावरून. माग तिच्याकडे कागद!"

"ती जिवंत आहे, मामा. जिवंत प्राण्याचा फॉर्म वेगळा."

मग एनोसाने तडजोड सुचवली. कातडं काढून इथे जमा करायचं, लाकूड खुशाल न्यायचं.

"म्हणजे तुझ्या बापापुढे ओंडका बडवू? हा घे चाकू. तूच सोल."

एनोसाने चाकू घेतला नाही. "परत ने," तो खाली बघत म्हणाला. "बेटावर उतरवता येणार नाही."

"नाही उतरवत."

दुसऱ्या दिवशी भर भरतीला सोबाईने होडी धक्क्यापासून पन्नास हातांवर आणून उभी केली आणि ढोल मांडीवर घेतला. किनाऱ्यालगतच्या दफनभूमीत बहिणीने दगडावरचं कापड ओढलं, तसा पाण्यावरून पहिला ठोका आला. नाचणाऱ्यांनी तोंडं समुद्राकडे वळवली.

"मामा, हे पाणीसुद्धा आमच्या हद्दीत येतं!" एनोसा धावत धक्क्यावर येऊन ओरडला.

"ये मग, पकड!"

"एनोसा!" आई मागून कडाडली. "आधी बापासाठी नाच. मग पकड तुझ्या मामाला!"

थोरल्या मुलाला रांगेत पहिली जागा घ्यावी लागते. तो गणवेशातच उभा राहिला.

सोबाईने ठेका मुद्दाम दुप्पट केला. सरकारी बुटांत पाय किती उचलतात, तेच त्याला बघायचं होतं.