बाराशे एमबी मोकळी जागा

सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकवायचा, असं बायकोने ठरवलं होतं. मिठागरातल्या दिवसांबद्दल ते बोललेले, तिने मोबाइलवर सहा तुकड्यांत रेकॉर्ड केलेले. पुढे मोबाइल बिघडला. उरलेली एकमेव प्रत आमच्या कॉम्प्युटरवर होती.

त्यातली खरखर काढायला मी एक बाहेरचं सॉफ्टवेअर शोधलं. आमच्याकडे लिनक्स आहे. त्यातल्या पॅकेज मॅनेजरला नाव सांगितलं की तो ते सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं बाकीचंही आणून बसवतो. जुनं काही आड येत असेल, तर काढू का म्हणून विचारतो. मलाही विचारलं. काढायच्या गोष्टींची नावं पडदाभर होती. ती सोडून मी खालचा आकडा वाचला. बाराशे एमबी जागा मोकळी होणार होती. फायद्याचंच दिसलं. मी हो म्हटलं.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. फोल्डर नाहीत, माउसचा बाणही नाही. बायको मागे येऊन उभी राहिली.

"बाबा यातच होते ना?"

मी फोन उचलला.

तिची धाकटी बहीण शहाडला राहते, तिचं कामच कॉम्प्युटरचं. तिला फोन लावून झालेलं सांगितलं.

"भाऊजी, यादी वाचलीत का?"

"आकडा वाचला."

"मिरच्या घेताना एकेक निवडून घेता, आणि इथे..." हसता हसता ती थांबली. वडील तिचेही होते. "ताईला बसवा. तुम्ही हात लावू नका."

ती सांगत गेली, बायको टाइप करत गेली. आधी नाव, पासवर्ड, मग फायलींची यादी मागवणारी दोनच अक्षरं. पडद्यावर सहाही रेकॉर्डिंगची नावं उमटली. मेहुणी म्हणाली, फायली दाखवणारी सॉफ्टवेअरं तेवढी गेलीत, फायलींना धक्का नाही. गेलेलं परत बसवता येईल. मी सुटलो असं मला वाटलं. बायकोला वाटलं नाही. नुसती नावं बघून तिचं समाधान होईना.

मेहुणीने आणखी एक ओळ सांगितली. त्या काळ्या पडद्यातून सासरे खोकले आणि भरतीच्या पाण्यात फुटलेल्या बांधाबद्दल बोलू लागले. मी बाजूच्या खुर्चीवरून उठलोच.

बायकोने कीबोर्डवर तळवा ठेवला.

"आधी पेनड्राइव्ह आणा. दोन आणा. तोवर याला कोणी हो म्हणायचं नाही."

मी चपला घातल्या.